पाण्याने भरलेल्या पाइपातल्या ध्वनीचं सिम्युलेशन: भिंत धरायची की सोडायची?

पाणलोट

मंडळी, प्रश्न नेमका मांडते. ३०० मि.मी. व्यासाची डीआय (डक्टाइल आयर्न, के-९ जाडीवर्गाची) जलवाहिनी, रस्त्याखाली पुरलेली. दोन चेंबरमधलं अंतर १२० मीटर, दोन्ही चेंबरमध्ये एकेक हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन), मधे कुठेतरी गळती. गळतीचा आवाज पाण्यातून दोन्ही बाजूंना जातो आणि पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढायची, ही कोरिलेटरची (दोन नोंदी जुळवून वेळफरक काढणाऱ्या यंत्राची) नेहमीची पद्धत. खोदायला सांगण्याआधी ही वाहिनी मला संगणकावर उभी करायची आहे. गळती सरकवून, मधे टी घालून, थोडी हवा घालून कोरिलेशनचं शिखर कुठे जातं ते बघायचं आहे.

ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांतली बहुतेक उदाहरणं हवेच्या नळीची असतात: भिंत पूर्ण कडक, आत हवा. पाण्यालाही तेच गृहीत धरलं तर चालेल का? त्रिमितीय मॉडेल हवंच का, की एकमितीय पुरेल? जाळी किती बारीक घ्यावी? आणि दोन्ही टोकांना काय लावायचं, कारण खरी वाहिनी तर पुढे जातेच? महागड्या पॅकेजचा परवाना नाही. पायथन येतं, फुकट साधनं चालतील.

अनुनाद

भिंत सोडू नका. बाकी सगळं यानंतर.

हवेच्या नळीत भिंत कडक धरलेली चालते, कारण हवेच्या तुलनेत पत्रासुद्धा डोंगरासारखा ताठ असतो. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दबण्याला होणारा विरोध) सुमारे २.२६ गिगापास्कल आहे. दाबलहर आली की पाइप किंचित फुगतो, तो फुगवटा पाण्याच्या दबण्यात मिळवला जातो आणि लहर मंदावते. १८७८ साली कोर्टेवेगने हे सूत्र दिलं:

वाहिनीतला वेग = मोकळ्या पाण्यातला वेग ÷ वर्गमूळ [ १ + (पाण्याचा बल्क मॉड्युलस × आतला व्यास) ÷ (भिंतीचा यंग मॉड्युलस × भिंतीची जाडी) ]

तुमचे आकडे घालू. आपल्याकडे नळाचं पाणी २७–३० अंशांचं, त्यात मोकळा वेग १५०५ मी/से च्या आसपास. ३०० च्या के-९ ची बाहेरची मोजणी ३२६ मि.मी., जाडी ७.२, म्हणजे आतला व्यास ३११.६. डक्टाइल आयर्नचा यंग मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध) १७० गिगापास्कल धरला की कंसातली दुसरी संख्या ०.५७५ येते आणि वेग सुमारे १२०० मी/से. आतलं सिमेंटचं ३ मि.मी. अस्तर धरलं तर भिंत थोडी ताठ होते, वेग १२१५ च्या घरात जातो.

कडक भिंत धरली तर मॉडेल १५०५ सांगेल. गळती पहिल्या चेंबरपासून ३० मीटरवर आहे असं समजा. खरा वेळफरक (९० − ३०) ÷ १२०० = ०.०५ सेकंद. जागेचं सूत्र: (एकूण अंतर − वेग × वेळफरक) ÷ २. त्यात १५०५ घातलं तर उत्तर येतं २२.४ मीटर. साडेसात मीटरची चूक.

शीवकर

साडेसात मीटर म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यात एक आख्खा खड्डा फुकट. वर तो पुन्हा भरायचा. भिंतीला मान द्यायलाच हवा.

अनुनाद

@शीवकर, एक बारकावा: गळती बरोबर मधोमध असेल तर वेळफरक शून्य, मग वेग काहीही धरा, उत्तर ६० मीटरच येतं. चूक चेंबरकडे सरकावं तशी वाढत जाते. म्हणून "आमचा वेग बरोबर आहे, मागच्या वेळी जागा नेमकी सापडली" हा पुरावा, मागची गळती मधल्या भागात होती तर, काहीच सिद्ध करत नाही.

जाळीदार

माझं मत जरा वेगळं. सूत्रावर विसंबण्यापेक्षा पाणी आणि भिंत दोन्ही फायनाइट एलिमेंटमध्ये (छोट्या घटकांत तोडून सोडवायच्या पद्धतीत) घ्या. पाण्यात दाब, धातूत विस्थापन, दोघांच्या सीमेवर जोडणी. कोर्टेवेगचा परिणाम आपोआप येतो. शिवाय भिंतीतून धावणारी लहरही दिसते, जी सूत्रात नाही. फेनिक्स किंवा एल्मर दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत हे बसतं.

मोजपट्टी

@जाळीदार, तत्त्व मान्य, खर्च बघा. भिंत ७.२ मि.मी. तिच्यात जाडीच्या दिशेने दोन घन घटक घेतले तर घटक ३.६ मि.मी. चा. धातूतली लहर साडेपाच हजार मी/से ने धावते. एक्स्प्लिसिट पद्धतीत (एकेक छोटी वेळपायरी पुढे जात सोडवणं) वेळेची पायरी त्या सगळ्यात लहान घटकाने ठरते, म्हणजे ०.६ मायक्रोसेकंदाच्या आसपास. एक सेकंदाच्या नोंदीसाठी पंधरा लाखांहून जास्त पायऱ्या, त्याही १२० मीटरच्या जाळीवर. आणि हे सगळं ज्या लहरीसाठी, तिची तरंगलांबी १००० हर्ट्झला १.२ मीटर आहे.

तुलनेला एकमितीय: घटक १० सें.मी., पायरी ०.१ ÷ १२०० = ८३ मायक्रोसेकंद, एका सेकंदाला बारा हजार पायऱ्या. लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत.

भिंत हवीच असेल तर शेल घटक घ्या, किंवा अक्षसममित मॉडेल करा. पुरा त्रिमितीय ठोकळा फक्त टी, व्हॉल्व्ह, सॅडल अशा एखाद्या जागेसाठी: मीटर-दोन मीटरचा तुकडा सोडवायचा, त्यातून परावर्तनाचे गुणांक काढायचे आणि ते एकमितीय मॉडेलमध्ये बसवायचे.

विहारकाठ

एकमितीय कुठपर्यंत चालतं, याची हद्द सांगतो. गोल नळीत सपाट लहरीखेरीज पहिली आडवी लहर कट-ऑफच्या वर सुरू होते. कडक भिंतीसाठी ती वारंवारता = १.८४१ × वेग ÷ (पाय × व्यास). ३०० च्या वाहिनीला २८०० हर्ट्झ. भिंत लवचीक असली की आकडा हलतो, पण अंदाजाला पुरे. धातूच्या वाहिनीत गळतीचा उपयोगी आवाज बहुधा १०० ते १००० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे पाणलोटताईंना एकमितीय निश्चिंतपणे चालेल.

तानसा-वैतरणा या तलावांकडून मुंबईला येणाऱ्या मोठ्या पोलादी वाहिन्यांचं गणित मात्र वेगळं. २४०० मि.मी. व्यास धरा: तोच कट-ऑफ ३६७ हर्ट्झवर येतो. आणि पाइपाची रिंग वारंवारता, म्हणजे धातूतली लहर परिघाभोवती एक फेरी पूर्ण करते ती, सुमारे ७१५ हर्ट्झ. कोर्टेवेग रिंग वारंवारतेच्या बराच खाली असतानाच खरा. मोठ्या वाहिनीत ५०० हर्ट्झचा आवाज घेऊन एकमितीय सूत्र लावलं तर उत्तराला अर्थ नाही. तिथे २०० च्या खाली गाळून घ्या किंवा खरोखर सेफ पद्धतीकडे वळा.

पाणलोट

सेफ म्हणजे सेमी-अ‍ॅनालिटिकल फायनाइट एलिमेंट ना? ते माझ्या ३०० च्या वाहिनीला उपयोगी आहे का?

विहारकाठ

हो, तेच. फक्त आडव्या छेदाची जाळी करायची, लांबीच्या दिशेने लहर घातांकी रूपात गृहीत धरायची. प्रत्येक वारंवारतेला आयगेनव्हॅल्यू प्रश्न सोडवला की सगळ्या लहरींचे वेग आणि क्षय मिळतात. लांबी १२० मीटर असो की १२ किलोमीटर, खर्च तोच. तुम्हाला एकदाच करून बघायला हरकत नाही: पाण्याची मुख्य लहर सेफमध्ये १२०० च्या जवळ आली तर कोर्टेवेगवर शिक्का बसला.

त्यात दुसरी एक लहर दिसेल, भिंतीतली लांबीच्या दिशेची, पाच हजार मी/से ने. वेल्डिंग केलेल्या पोलादी वाहिनीत ती खरोखर आधी पोचते. डीआयमध्ये मात्र दर साडेपाच-सहा मीटरला रबरी गॅस्केटचा पुश-ऑन सांधा असतो, तिथे धातूला धातू लागत नाही, आणि ती लहर दोन-तीन सांध्यांत संपते. सेफला सांधे कळत नाहीत, तो पाइप अखंड धरतो. त्याच्या आलेखात दिसली म्हणून ती रस्त्याखाली आहेच असं नाही.

जाळीदार

सांध्याचा मुद्दा पटला. गॅस्केट हा स्वतःही एक लवचीक बिंदू आहे. समान अंतरावर आल्यामुळे वेग ÷ (२ × ५.५) म्हणजे १०९ हर्ट्झच्या आसपास हलकं परावर्तन जमा होऊ शकतं. एकमितीय मॉडेलमध्ये दर ५.५ मीटरला छोटा कंप्लायन्स (लवचीकपणा) टाकून बघता येईल.

स्वस्तिक_चाळ

के-वेव्ह का नाही कुणी सुचवलं? फुकट आहे, दस्तऐवज उत्तम, स्यूडो-स्पेक्ट्रल असल्यामुळे दर तरंगलांबीला फार थोडे बिंदू पुरतात.

मोजपट्टी

के-वेव्ह उत्तम साधन आहे, वैद्यकीय अल्ट्रासाउंडसाठी. इथे तीन अडचणी.

पहिली, त्याची जाळी चौकोनी. गोल भिंत जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. ७.२ मि.मी. ची भिंत नीट दिसायची तर बिंदू एक-दीड मि.मी. वर हवेत, मग १२० मीटर लांबी विसरा. दुसरी, पाण्याचा ध्वनी-रोध (घनता × वेग) १.५ आणि पोलादाचा ४६ मेगारेल (त्याचं एकक). इतक्या मोठ्या उडीवर फूरियर पद्धतीत खोटी थरथर उठते. तिसरी, फूरियर म्हणजे जाळी आपोआप आवर्ती: एका टोकाने गेलेली लहर दुसऱ्या टोकाने परत येते, शोषक थर कमी पडला तर.

आणि हा शोषक थर, पीएमएल, आपल्या कामात कुठल्याही साधनात डोकेदुखीच. २० हर्ट्झला या वाहिनीत तरंगलांबी ६० मीटर. थर त्या प्रमाणात जाड हवा. त्यापेक्षा टोकाला साधा जुळवलेला रोध द्या: दाब = घनता × वेग × कणवेग. सपाट लहरीसाठी हा अचूक आहे, जाडी शून्य. फक्त तिथला वेग वाहिनीचा, म्हणजे १२००. बरीच साधनं पदार्थाच्या गुणधर्मातून १५०५ उचलतात. मग टोकाहून (१५०५ − १२००) ÷ (१५०५ + १२००) = ११ टक्के लहर परत येते आणि कोरिलेशनमध्ये भुतासारखं दुसरं शिखर उभं राहतं.

नळदमयंती

थोडं अवांतर, पण लहरींचंच आहे. आमच्या इमारतीत वरच्या टाकीचा पंप बंद झाला की खालच्या मजल्यांवर मोठ्याने ठक् होतं. राइझर (वर जाणारा उभा पाइप) सुमारे ७० मीटर, ५० मि.मी. चा जीआय (जस्त चढवलेलं लोखंड). हेही अशाच मॉडेलने कळेल का?

अनुनाद

कळेल, पण त्याला मॉडेलही लागत नाही. हा वॉटर हॅमर. पंप थांबला, राइझरमधलं पाणी क्षणभर वर जातं, मग उलटं खाली यायला लागतं आणि तेव्हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उशिरा आपटून मिटतो. जुकोव्स्कीचं सूत्र: दाबवाढ = घनता × लहरीचा वेग × वेगातला बदल. जीआय पाइपात लहर १४०० मी/से ने जाते. पाणी अर्धा मीटर प्रतिसेकंदाने उलट आलं असेल तर दाबवाढ ७ बार, आणि ७० मीटर उंचीचा स्थिर दाबही ७ बार. खालच्या सांध्यांवर क्षणभर दुप्पट.

लहर वर जाऊन परत यायला ०.१ सेकंद लागतो. उपाय दोन: स्प्रिंगचा नॉन-रिटर्न बसवा, तो उलट प्रवाह सुरू व्हायच्या आधी मिटतो, किंवा पंपाला सॉफ्ट स्टॉप द्या. नागदेवी स्ट्रीटवर (हार्डवेअरच्या बाजारात) मागताना "झडपेचा नको, स्प्रिंगचा" असं स्पष्ट सांगा आणि त्यावर दाबाची श्रेणी किमान पीएन १६ छापलेली बघा. व्हॉल्व्ह हळू मिटणारा घ्यावा हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण हळू म्हणजे उलट प्रवाहाला वेग घ्यायला वेळ.

नळदमयंती

खूप आभार अनुनाददादा. झडपेचाच आहे हो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रतिसाद वाचून दाखवते!

मोजपट्टी

परत जाळीकडे. "दर तरंगलांबीला १० बिंदू" हा नियम सगळीकडे छापलेला असतो, आणि लांब वाहिनीला तो पुरत नाही. द्वितीय क्रमाच्या फाइनाइट डिफरन्समध्ये लहर जाळीवर किंचित मंद धावते. १० बिंदू, कूरां संख्या (एका वेळपायरीत लहर किती घटक पुढे जाते) ०.५: वेगात १.२ टक्के घट. खोलीभर अंतराला हे कुणाच्या लक्षात येत नाही. १२० मीटरला मात्र तो दीड मीटर होतो, म्हणजे १००० हर्ट्झच्या एका तरंगलांबीहून जास्त. २० बिंदू घेतले तर ०.३ टक्के, सुमारे ४० सें.मी.

एकमितीयात यावर सुंदर तोडगा आहे. कूरां संख्या नेमकी १ ठेवा, म्हणजे एका पायरीत लहर बरोबर एक घटक पुढे. मग ही चूक शून्य होते. मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्सचा जीव याच गोष्टीत आहे. दोन आणि तीन मितींत ही सोय नाही. तिथे कूरांची कमाल मर्यादाच अनुक्रमे ०.७१ आणि ०.५८, वर गेलात की आकडे फुटतात.

अडचण वेगवेगळ्या पाइपांची. मधे ५० मीटर जुना कास्ट आयर्न आणि पुढे डीआय असेल तर दोन वेगांना एकच वेळपायरी बसत नाही. वॉटर हॅमरवाले अशा वेळी वेग थोडा ओढून-ताणून जुळवतात. त्यांना कमाल दाब हवा असतो, त्यांना ते परवडतं. आपल्याला पोचण्याची वेळच मोजायची आहे, वेगाला हात लावायचा नाही. आणि इंटरपोलेशन केलं तर उंच वारंवारता बोथट होतात.

अनुनाद

म्हणूनच माझा आग्रह: वेळेत सोडवूच नका, वारंवारतेत सोडवा. ट्रान्सफर मॅट्रिक्स पद्धत. प्रत्येक पाइपाच्या तुकड्याला दोन-बाय-दोन मॅट्रिक्स, एका टोकाचा दाब व प्रवाह दुसऱ्या टोकाशी जोडणारं. त्यात फक्त दोन गोष्टी लागतात: लहरसंख्या आणि तुकड्याचा रोध (घनता × वेग ÷ क्षेत्रफळ). वेगवेगळे वेग, वेगवेगळ्या लांब्या, काहीही चालतं, जाळीच नाही.

० ते १००० हर्ट्झ, दर ०.२५ हर्ट्झला सोडवा: चार हजार वारंवारता. पायथनच्या नमपायमध्ये दोन-तीन डझन ओळी. उलट फूरियर केलं की चार सेकंदांचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक धक्क्याला वाहिनीचा प्रतिसाद). लक्षात ठेवायची एक गोष्ट: नोंद चार सेकंदांत विझली नाही तर शेपूट सुरुवातीला येऊन बसते. बंद व्हॉल्व्ह दोन्हीकडे असतील तर हे नक्की होतं. पायरी बारीक करा किंवा थोडा क्षय घाला.

आणखी फायदा: प्रणाली रेषीय आहे, तेव्हा प्रत्येक गळतीच्या जागेसाठी इम्पल्स रिस्पॉन्स एकदाच काढायचा. मग त्यात हवा तो आवाज कन्व्होल्व्ह करा (गणिताने मिसळा), गाळलेला यादृच्छिक गोंगाट किंवा प्रत्यक्ष नोंदलेली गळती. गळती म्हणजे त्या बिंदूवर लहानसा प्रवाहस्रोत, दोन्ही बाजूंचे रोध समांतर. ओपनफोममध्ये (प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये) फवाऱ्याची टर्ब्युलन्स सोडवत बसू नका. आपल्याला स्रोताचा खरा वर्णपट नको, दोन हायड्रोफोनमधलं नातं हवं आहे.

शीवकर

+१. वाचनखूण साठवली.

प्लास्टिकचं काय पण? आमच्या भागात शेवटच्या जोडण्या एचडीपीईच्या होत चालल्या आहेत.

अनुनाद

प्लास्टिकमध्ये भिंत नुसती महत्त्वाची नाही, तीच मालकीण. ११० मि.मी., एसडीआर (बाहेरचा व्यास ÷ जाडी) ११ चा एचडीपीई: यंग मॉड्युलस ०.९ गिगापास्कल धरला तर वेग ३१० मी/से. पण तो टेन्साइल चाचणीतला आकडा. एचडीपीई जितक्या वेगाने ताणावा तितका ताठ वागतो, ध्वनीच्या वारंवारतेला मॉड्युलस बराच वर जातो. १.६ धरला तर वेग ४०७. एकाच पाइपाला एवढा फरक! म्हणून कॅटलॉगमधला आकडा सिम्युलेशनमध्ये घालू नये. वेग मोजावा आणि त्यातून मॉड्युलस उलटा काढावा.

दुसरं, क्षय. मॉड्युलस संमिश्र घ्यायचा, लॉस फॅक्टर (भिंत किती ऊर्जा गिळते ते) ०.०६ धरून बघा. वेग ३०० घेतला तर १०० हर्ट्झला दर मीटरला अर्धा डेसिबल जातो. ३० मीटरला १६ डेसिबल, ठीक आहे. ५०० हर्ट्झला दर मीटरला २.७, म्हणजे ३० मीटरला ८० च्या वर. काहीच उरत नाही. प्लास्टिकवर हायड्रोफोन जवळ हवेत आणि ऐकायचं खालच्या सुरांत, हे इथून येतं.

धातूत उलट. पाण्याच्या चिकटपणामुळे भिंतीलगतचा थर १०० हर्ट्झला फक्त ५० मायक्रोमीटरचा. त्यातून होणारा क्षय पाणलोटताईंच्या वाहिनीत किलोमीटरला एक डेसिबलसुद्धा नाही. प्रत्यक्षात जो जास्त क्षय दिसतो तो सांधे, माती आणि हवेमुळे. तेव्हा थर्मोव्हिस्कस मॉडेल लावून ५० मायक्रोमीटरची जाळी करणं इथे वाया.

विहारकाठ

हवेचं नाव निघालं ते बरं. मुंबईत हाच सगळ्यात मोठा घटक ठरतो, कारण पाणी दिवसातले काही तास. मधल्या वेळात वाहिनी पूर्ण भरलेली नसते. पाणी सुटल्यावर हवा पुढे ढकलली जाते, एअर व्हॉल्व्हमधून निघते, उरलेली उंचवट्यावर अडकते.

बारीक बुडबुडे विखुरलेले असतील तर वूडचं समीकरण लावा. वातावरणाच्या दाबाला एक हजारांश आकारमान हवा असली की मोकळ्या पाण्यातला वेग १५०० वरून ३६५ वर येतो. एक टक्का असली तर १२० च्या खाली. ४ बार निरपेक्ष दाबाला तीच एक हजारांश हवा असेल तर ६७० च्या आसपास. म्हणजे दाब माहीत नसेल तर हवेचं प्रमाण माहीत असून उपयोग नाही.

अडकलेला मोठा बुडबुडा वेगळा. तो वेग बदलत नाही, रस्ता अडवतो. ३ बार निरपेक्ष दाबाला फक्त एक लिटर हवा ३०० च्या वाहिनीत माथ्याला बसली आहे असं धरून मॅट्रिक्समध्ये समांतर कंप्लायन्स टाका (आकारमान ÷ (१.४ × दाब)). १०० हर्ट्झला पलीकडे जाणारा दाब येणाऱ्याच्या बाराव्या हिश्श्याइतका उरतो, २१ डेसिबल घट. एक लिटर! दोन्ही हायड्रोफोन उत्तम, तारा नीट, आणि एकात आवाज येत नाही, तेव्हा आधी हे तपासा.

स्वस्तिक_चाळ

मग मोजमाप कधी करायचं? पाणी सुटल्या सुटल्या?

मोजपट्टी

नाही. हवा निघून दाब स्थिर झाल्यावर, पुरवठ्याच्या वेळेच्या मध्यावर. वेळ चावीवाल्याला (पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा, त्या गल्लीत पाणी कोणत्या चावीनंतर किती वेळाने "भरून" येतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पुरवठा पहाटेचा असेल तर वाहतुकीचा गोंगाटही कमी.

आणि त्याच वेळी वेग मोजून घ्या. दोन्ही हायड्रोफोनच्या *बाहेर*, वाहिनीवर पुढच्या हायड्रंटवर किंवा व्हॉल्व्हवर थोडं पाणी सोडा. तो आवाज दोन्ही चेंबर ओलांडून जातो, वेळफरक = १२० ÷ वेग. ०.१ सेकंद आला तर १२००. १०९ मिलिसेकंद आला तर ११००, म्हणजे भिंत झिजलेली असेल, हवा असेल किंवा नकाशावर लिहिलंय तो पाइप मधे कुठेतरी वेगळाच असेल. जुन्या कास्ट आयर्नला तर हे केल्याशिवाय सिम्युलेशनला बसूच नका. आतून गंज चढलेला, बाहेरून झिजलेला, खरी जाडी कुणालाच ठाऊक नसते.

पाणलोट

सगळ्यांचे प्रतिसाद धरून आराखडा असा करते आहे, काही सुटत असेल तर सांगा.

ट्रान्सफर मॅट्रिक्स, ० ते १००० हर्ट्झ. वेग आधी १२०० धरून, नंतर मोजलेला. क्षयासाठी भिंतीच्या मॉड्युलसला छोटा लॉस फॅक्टर, मोजमापाशी जुळवून. दोन्ही टोकांना वाहिनीच्या वेगाचा जुळवलेला रोध. मधे एक टी, १५० मि.मी. ची शाखा. हवा: एकदा विखुरलेली, एकदा एका जागी. मग दोन हायड्रोफोनच्या दाबांचं कोरिलेशन, १०० ते ८०० हर्ट्झ गाळून.

हे बरोबर चालतंय याची खात्री कशी करायची, हाच आता प्रश्न आहे.

जाळीदार

उत्तर आधीच माहीत असलेल्या तीन चाचण्या घ्या. दोन्ही टोकं बंद, १० मीटर पाइप, वेग १२००: अनुनाद ६०, १२०, १८० हर्ट्झला यायलाच हवेत. एका टोकाला टाकी (दाब शून्य) केली की ३०, ९०, १५०. तिसरी, तिन्ही बाजू सारख्या असलेला टी, सगळ्या टोकांना जुळवलेला रोध: येणाऱ्या लहरीचा एक तृतीयांश उलट चिन्हाने परत, दोन तृतीयांश प्रत्येक शाखेत. चिन्ह उलटं आलं नाही तर प्रवाहाच्या दिशेची खूण चुकली आहे. मॅट्रिक्स जोडताना बहुतेक गडबड इथेच होते.

माझं फायनाइट एलिमेंटचं म्हणणं मी टीपुरतं राखून ठेवतो. १५० च्या शाखेचा तोंडाशी जो लांबीचा दुरुस्ती-आकडा लागतो तो तिथून काढून देता येईल. पण ८०० हर्ट्झच्या खाली तो काही सेंटिमीटरचाच असेल.

विहारकाठ

शाखा पुढे कुठे संपते तेही घ्या. बंद व्हॉल्व्हवर संपणारी २० मीटरची शाखा आपल्या लांबीच्या पाव तरंगलांबीला मुख्य वाहिनीतून ऊर्जा खेचून घेते: १२०० ÷ (४ × २०) = १५ हर्ट्झ आणि त्याच्या विषम पटी, ४५, ७५, १०५... कोरिलेशनच्या वर्णपटात समान अंतरावर खाचा दिसल्या तर शाखेची लांबी उलटी काढता येते. नकाशात नसलेली जोडणीही अशी सापडते.

पाणलोट

हे फार कामाचं. खाचांवरून शाखा शोधण्याची चाचणी वेगळी करते.

शेवटचं विचारते: दोन चेंबरमध्ये दोन स्वतंत्र रेकॉर्डर आहेत, मधे तार नाही. मॉडेलमध्ये दोन्हींचं घड्याळ एकच आहे. प्रत्यक्षात?

मोजपट्टी

तेही मॉडेलमध्ये घाला. १ मिलिसेकंदाचा फरक म्हणजे जागेत ६० सें.मी. स्वस्त क्रिस्टलचं घड्याळ दहा लाखांत १० भाग सरकतं असं धरलं तर दहा मिनिटांत ६ मिलिसेकंद, म्हणजे साडेतीन मीटर. दोन्ही रेकॉर्डरना जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स एका मोकळ्या चॅनेलवर नोंदवा. चेंबरमध्ये उपग्रह दिसत नाही, तेव्हा अँटेना वर, झाकणाबाहेर ठेवा. ते जमत नसेल तर नोंदणीच्या आधी आणि नंतर दोन्ही रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टकटक दोघांत नोंदवा आणि मधला सरकाव सरळ रेषेत वाटून टाका. उन्हात ठेवलेला एक आणि गार चेंबरमधला दुसरा, असं असेल तर तापमानामुळे सरकाव सरळ रेषेत राहत नाही. दोघांनाही चेंबरमध्येच ठेवा.